सर्व्हरच्या सेटिंगला हक्काची जागा

फाइल ट्रान्सफर सर्व्हर म्हणजे नेटवर्कवरच्या इतर संगणकांकडून फाइली घेणारा आणि मागितल्यावर त्या परत देणारा प्रोग्रॅम. कोणाला आत येऊ द्यायचे, कोणाला कोणते फोल्डर दिसावे, कोणी फक्त वाचावे, कोणाला पुसण्याचाही अधिकार असावा, एका वेळी किती जण जोडले जावेत, नोंदी कुठे लिहाव्यात, हे सगळे नियम तो साध्या मजकुराच्या एखाद-दोन फाइलींमधून वाचतो. त्यांना कॉन्फिगरेशन फाइली म्हणतात. बोलताना सगळे ‘सेटिंगच्या फाइली’ म्हणतात. प्रोग्रॅम बिघडला तर तो इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेता येतो. सेटिंगची फाइल मात्र त्या कार्यालयाने किंवा कारखान्याने स्वतः, गरजेप्रमाणे, हळूहळू घडवलेली असते. ती गेली तर कुठूनही उतरवून मिळत नाही.

या फाइली कुठे ठेवायच्या हे प्रोग्रॅम बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. तीच डीफॉल्ट जागा. बहुतेक ठिकाणी ती तशीच राहते आणि अडचण येईपर्यंत कोणी तिची चौकशीही करत नाही. ही जागा ओळखणे, गरज असेल तर विचारपूर्वक बदलणे आणि बदल लिहून ठेवणे, एवढे जमले तर लहानशा कार्यालयालाही आपला सर्व्हर दुसऱ्यावर विसंबून न राहता सांभाळता येतो.

अर्ध्या शतकाची सोय

एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर पाठवण्याचे नियम पहिल्यांदा लिहून काढले ते अभय भूषण या भारतीय अभियंत्याने. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत शिकून ते अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा प्रसिद्ध केला. त्यात सुधारणा होत गेल्या. १९८५ च्या ऑक्टोबरात जो मसुदा आला, त्याच्याच पायावर आजचे एफटीपी सर्व्हर चालतात.

मूळ एफटीपीत पासवर्ड आणि मजकूर उघडा जातो. वाटेत कान लावून बसलेल्याला तो वाचता येतो. म्हणून आता एन्क्रिप्शनची जोड असलेले एफटीपीएस किंवा एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालणारे एसएफटीपी वापरणे योग्य. २०२१ साली फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांनी एफटीपीची सोय काढून टाकली. कार्यालयांच्या आतल्या नेटवर्कवर मात्र त्याचा वापर थांबलेला नाही, कारण स्कॅनर, कॅमेरे, डेटा लॉगर आणि कारखान्यातली यंत्रे आजही हीच भाषा समजतात.

शहापूर-मुरबाडमधली गरज

अशा आतल्या नेटवर्कची गरज कुठे पडते याचे एक उदाहरण पाहू. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा मोठा हिस्सा शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतच उरला. शहापूरला वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी मध्य रेल्वेची स्थानके आहेत. मुरबाडची मदार कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुरबाडला एमआयडीसी आहे, शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. याशिवाय आश्रमशाळा, पतसंस्था, आपले सरकार सेवा केंद्रे, छोटे छापखाने आणि महामार्गालगतची गोदामे आहेत.

अशा ठिकाणी इंटरनेट असते, पण त्याचा भरवसा बाराही महिने धरता येत नाही. पावसाळ्यात झाड पडून तार तुटते, वीज जाते, टॉवर बंद पडतो. अशा वेळी कार्यालयातल्या कार्यालयात चालणारा फाइल सर्व्हर उपयोगी पडतो, कारण त्याला बाहेरच्या इंटरनेटची गरज नसते. राउटर आणि सर्व्हर यूपीएसवर असले की काम पुढे सरकते. झेरॉक्स यंत्रावर स्कॅन केलेले कागद थेट सर्व्हरच्या फोल्डरात जाऊन पडतात, सीसीटीव्ही यंत्रणा तिथेच चित्रे टाकते, कारखान्यातले सीएनसी यंत्र तिथूनच प्रोग्रॅम उचलते.

मात्र असा सर्व्हर बसवणारा तंत्रज्ञ बहुधा कल्याण, ठाणे किंवा नाशिकहून येतो आणि काम आटोपून जातो. चार वर्षांनी संगणकाची डिस्क गेली की तोच माणूस सापडेल याची खात्री नसते. सेटिंग कुठे ठेवली होती हे ठाऊक असेल तर नव्या संगणकावर तासाभरात सर्व्हर उभा राहतो. ठाऊक नसेल तर प्रत्येक वापरकर्ता, प्रत्येक फोल्डर, प्रत्येक परवानगी पुन्हा आठवून भरावी लागते. गावाचा सात-बारा तलाठ्याच्या दफ्तरात मिळतो हे साऱ्या गावाला ठाऊक असते, म्हणून तलाठी बदलला तरी काम अडत नाही. सर्व्हरच्या सेटिंगलाही अशीच सर्वांना माहीत असलेली एक जागा हवी.

लिनक्सवरची डीफॉल्ट जागा

लिनक्समध्ये कोणती फाइल कुठे असावी याचा एक सर्वमान्य आराखडा आहे. त्याचे पहिले रूप १९९४ साली आले. त्यानुसार त्या एका संगणकापुरती असलेली सेटिंग ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरात राहते, सतत वाढणाऱ्या नोंदी ‘व्हार’मध्ये जातात आणि प्रोग्रॅम स्वतः ‘यूएसआर’मध्ये बसतो. प्रोग्रॅम, सेटिंग आणि नोंदी वेगवेगळ्या ठेवण्याची ही शिस्त फार मोलाची आहे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली तरी सेटिंगला धक्का लागत नाही.

तरीही सगळीकडे एकच जागा नसते. व्हीएसएफटीपीडी या लोकप्रिय सर्व्हरची फाइल डेबियन आणि उबुंटूवर थेट ‘ईटीसी’त असते, तर रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर ‘ईटीसी’च्या आत त्याच नावाचा वेगळा फोल्डर करून तिथे ठेवलेली असते. प्रोएफटीपीडी तयार पॅकेजमधून बसवला तर सेटिंग ‘ईटीसी’त मिळते, मूळ कोडपासून बांधून घेतला तर ती ‘यूएसआर’च्या आतल्या ‘लोकल’ फोल्डरात जाते. प्युअर-एफटीपीडीची डेबियनवरची रीत आणखी निराळी आहे. तिथे प्रत्येक पर्यायासाठी स्वतंत्र छोटी फाइल असते आणि फाइलीचे नावच पर्यायाचे नाव असते. त्यामुळे एका संगणकावर वाचलेली सूचना दुसऱ्यावर जशीच्या तशी लागू होईल असे धरून चालू नये.

विंडोजवरची गुंतागुंत

लहान कार्यालयांत विंडोज अधिक दिसते आणि त्यावर फाइलझिला सर्व्हर. त्याच्या जुन्या आवृत्त्या सगळी सेटिंग एकाच एक्सएमएल फाइलीत, प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवत. ती शोधायला सोपी होती. पण प्रोग्रॅम काढून टाकताना तो फोल्डर पुसला गेला तर तीही जाण्याचा धोका होता. शिवाय विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात लिहिण्यावर कडक बंधने आली.

२०२१ साली पूर्णपणे नव्याने लिहिलेली आवृत्ती आली आणि सेटिंग, वापरकर्ते आणि गट यांच्या फाइली वेगळ्या झाल्या. त्यांची जागा सर्व्हर कोणत्या खात्याखाली चालतो यावर ठरू लागली. विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हिस म्हणतात आणि ती बहुधा ‘सिस्टम’ या अंतर्गत खात्याखाली चालते. या खात्याचा खासगी फोल्डर विंडोजच्या ‘सिस्टम ३२’मध्ये, ‘कॉन्फिग’च्या आत, ‘सिस्टम प्रोफाइल’ नावाने खोल दडलेला असतो. सेटिंग तिथे असली तर नेहमीच्या शोधात ती हाती लागत नाही.

यातून दोन अडचणी उद्भवतात. पहिली खात्याची. सुरक्षेसाठी एखाद्याने सर्व्हिस दुसऱ्या खात्याखाली चालवायला घेतली की प्रोग्रॅम त्या नव्या खात्याच्या फोल्डरात सेटिंग शोधतो. तिथे काहीच नसते, म्हणून तो कोरी सेटिंग घेऊन सुरू होतो. सगळे वापरकर्ते गायब झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जुन्या फाइली जुन्याच जागी शाबूत असतात. दुसरी अडचण विंडोजच्या मोठ्या अपग्रेडची. त्या वेळी आधीची विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात सरकवली जाते आणि साधारण १० दिवसांनी तो फोल्डर आपोआप पुसला जातो. विंडोजच्या पोटात ठेवलेली सेटिंग नव्या जागी आली नाही आणि दरम्यान कोणी लक्ष दिले नाही, तर ती कायमची जाऊ शकते.

आणखी एक भेद लक्षात घ्यायला हवा. फाइलझिलात सर्व्हर आणि त्याला सूचना देणारी खिडकी हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. खिडकीची स्वतःची थोडी सेटिंग लॉगिन केलेल्या माणसाच्या खात्यात राहते. तिची प्रत घेतली म्हणजे सर्व्हरची प्रत घेतली असे होत नाही.

बदल कधी करावा, कधी करू नये

जागा बदलण्यामागे ठोस कारण हवे. सेटिंग आणि कामाच्या फाइली एकाच वेगळ्या डिस्कवर ठेवून एकत्र बॅकअप घ्यायचा असेल, तर बदल उपयोगी. एकाच संगणकावर दोन सर्व्हर चालवायचे असतील, समजा एक कार्यालयासाठी आणि एक कॅमेऱ्यांसाठी, तर प्रत्येकाला स्वतंत्र सेटिंग हवीच. विंडोजच्या पोटातून ती बाहेर काढणे हेही पुरेसे कारण आहे.

लिनक्सवर मात्र एकच सर्व्हर असेल आणि ‘ईटीसी’चा बॅकअप नियमित होत असेल, तर जागा न बदलणेच शहाणपणाचे. उद्या येणारा तंत्रज्ञ सर्वांत आधी तिथेच पाहणार असतो.

नवी जागा निवडताना एक नियम कधीही मोडू नये: सेटिंगचा फोल्डर वाटपाच्या फोल्डरात नसावा. ज्या फोल्डरातल्या फाइली वापरकर्त्यांना दिसतात, त्यातच सेटिंग ठेवली तर वापरकर्त्यांची यादी, पासवर्डचे ठसे (हॅश), एन्क्रिप्शनची खासगी किल्ली हे सगळे त्यांच्या हाती जाते. ज्याला लिहिण्याची मुभा आहे तो नियमच बदलू शकतो. पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरची दुसरी डिस्कही सेटिंगची चालू जागा म्हणून नको. वीज परत आल्यावर ती डिस्क जोडली जाण्याआधी सर्व्हर सुरू झाला तर त्याला सेटिंग सापडत नाही. फोल्डराचे नाव रोमन अक्षरांत, छोटे आणि मोकळी जागा न सोडता लिहिलेले असावे. कामाच्या फाइलींना देवनागरी नावे खुशाल द्यावीत. १९९९ पासून एफटीपीच्या नियमांत युनिकोड नावांची सोय आहे. सेटिंगच्या वाटेत मात्र जुन्या साधनांना अडखळायला कारण ठेवू नये.

बदलाचा क्रम

आधी सर्व्हर बंद करावा. चालू सर्व्हर सेटिंग मध्येच लिहून टाकू शकतो आणि मग अर्धवट प्रत हाती येते. त्यानंतर जुन्या फाइली नव्या जागी कॉपी कराव्यात, हलवू नयेत. नवी जागा चालत नाही असे दिसले तर परत फिरायला वाट राहते.

पुढचे काम मालकी आणि परवानग्यांचे. सेटिंग बदलण्याचा अधिकार फक्त प्रशासकाला असावा. सर्व्हर ज्या खात्याखाली चालतो त्याला वाचता यावे आणि सर्व्हर स्वतः सेटिंग लिहीत असेल तर लिहिताही यावे. बाकी कोणाला काहीच नको. व्हीएसएफटीपीडी याबाबत इतका काटेकोर आहे की फाइलीची मालकी चुकीची असेल तर तो चालायलाच नकार देतो.

तिसरी पायरी म्हणजे प्रोग्रॅमला नवी जागा सांगणे. व्हीएसएफटीपीडी सुरू करताना त्याच्या नावापुढे फाइलीचा पूर्ण पत्ता लिहिला की तो तीच फाइल वाचतो. प्रोएफटीपीडीला ‘सी’ हा पर्याय देऊन पत्ता सांगतात, एसएफटीपी पुरवणाऱ्या ओपनएसएसएचला ‘एफ’ हा पर्याय देऊन. फाइलझिलाच्या नव्या सर्व्हरला सेटिंगच्या फोल्डराचा पत्ता देणारा पर्याय आहे. विंडोजवर दुसरी वाट म्हणजे जंक्शन: जुन्या फोल्डराचे नाव बदलून त्याच्या पत्त्यावर नव्या फोल्डराकडे नेणारा दुवा ठेवायचा. प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर जातो आणि फाइली नव्या जागी वाचतो.

हा पर्याय एकदा हाताने देऊन भागत नाही. संगणक सुरू होताना सर्व्हर ज्या सूचनेने चालू होतो, तिथेच तो लिहायला हवा. विंडोजवर सर्व्हिसच्या आज्ञेत, तर आजच्या बहुतेक लिनक्सवर, सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सेवा-फाइलीत. पॅकेजबरोबर आलेली मूळ सेवा-फाइल बदलू नये. पुढच्या अपडेटमध्ये ती पुन्हा पहिल्यासारखी होते. सिस्टमडीत बदलापुरती वेगळी पुरवणी फाइल ‘ईटीसी’त ठेवण्याची सोय आहे. त्या पुरवणीत सुरू करण्याची जुनी आज्ञा आधी कोऱ्या ओळीने रद्द करावी लागते आणि मग नवी लिहावी लागते. ती रिकामी ओळ विसरली की एकाच सेवेला दोन आज्ञा होतात आणि सेवा सुरू होत नाही.

सुरू करण्याआधी तपासणी करावी. प्रोएफटीपीडी आणि ओपनएसएसएच या दोघांत ‘टी’ हा पर्याय दिला की सर्व्हर चालू न होता फक्त सेटिंग वाचून चूक सांगतो. मग सर्व्हर सुरू करून दुसऱ्या संगणकावरून प्रत्यक्ष लॉगिन करावे, एक फाइल टाकावी, ती परत घ्यावी, नको त्या फोल्डरात शिरता येत नाही ना हेही पाहावे. यानंतर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा. वीज येत-जात असते तिथे ही शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची, कारण सर्व्हर आपोआप उठला पाहिजे. सगळे ठीक झाल्यावर जुन्या फाइलीचे नाव बदलून ठेवावे. ते तसेच राहिले तर काही महिन्यांनी कोणीतरी जुनीच फाइल दुरुस्त करत बसतो आणि बदल का दिसत नाही हे त्याला कळत नाही.

फाइलीच्या आतले पत्ते

सेटिंगची फाइल हलली तरी तिच्या आत लिहिलेले पत्ते आपोआप बदलत नाहीत. प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली कुठे आहे, परवानगी असलेल्या वापरकर्त्यांची यादी कुठे आहे, नोंदी कुठे लिहायच्या, आणखी कोणत्या फाइली जोडून वाचायच्या, असे अनेक पत्ते तिच्यात असतात. यातला एखादा अर्धा लिहिलेला असेल, म्हणजे मुळापासून नसेल, तर जागा बदलल्यावर तो भलतीकडे नेऊ शकतो. म्हणून जागा बदलण्यापूर्वी फाइल एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी आणि त्यातले सगळे पत्ते कागदावर उतरवून घ्यावेत.

नेहमी आढळणाऱ्या चुका

व्हीएसएफटीपीडीच्या फाइलीत पर्यायाचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत यांच्यामध्ये मोकळी जागा चालत नाही. एक जादा स्पेस पडली की ती ओळ चूक ठरते. दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. विंडोजवर साध्या संपादकात दुरुस्त केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जादा असू शकते. ती फाइल लिनक्सवर आणली की ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून लिहिलेली किंमतही सर्व्हरला चुकीची वाटते, जरी पडद्यावर सगळे अचूक दिसत असले तरी. ओळींचे शेवट लिनक्सच्या पद्धतीने बदलून घेतले की दोष जातो.

रेड हॅट घराण्यात एसईलिनक्स ही पहारा व्यवस्था असते. ती नेहमीच्या परवानग्यांखेरीज प्रत्येक फाइलीवर एक वेगळी खूण ठेवते. कॉपी केलेल्या फाइलीला सहसा नव्या फोल्डराची खूण मिळते. हलवलेली फाइल जुनी खूण बरोबर घेऊन येते. खूण जुळली नाही तर मालकी आणि परवानगी बरोबर असूनही वाचायला मनाई होते. अशा वेळी पहारा बंद करून टाकण्याची सवय वाईट आहे. नव्या फोल्डरासाठी योग्य खूण कायमची नोंदवावी आणि फाइलींवर ती पुन्हा उमटवून घ्यावी.

नोंद आणि बॅकअप

बदल पूर्ण झाला असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा तो लिहून ठेवलेला असतो. एका पानावर सर्व्हरचे नाव व आवृत्ती, सेटिंगच्या फोल्डराचा पूर्ण पत्ता, जुना पत्ता, सर्व्हिस कोणत्या खात्याखाली चालते, सुरू होण्याची आज्ञा कुठे लिहिली आहे, आतल्या फाइलींचे पत्ते आणि बदलाची तारीख एवढे असावे. पासवर्ड त्या पानावर लिहू नयेत. एक प्रत कार्यालयाच्या फाइलीत लावावी, दुसरी जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी.

सेटिंगच्या फाइली आकाराने लहान असल्यामुळे प्रत्येक बदलानंतर तारीख घालून त्यांची प्रत ठेवणे मुळीच जड नाही. त्यांत पासवर्डचे ठसे आणि खासगी किल्ली असू शकते, म्हणून प्रत एन्क्रिप्ट करून ठेवावी आणि एक प्रत त्या इमारतीबाहेर असावी. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी, त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर सर्व्हर उभा करून पाहावा. तिथे तो सुरू झाला, वापरकर्ते दिसले आणि फाइल नेमून दिलेल्या फोल्डरातच गेली, तर सेटिंगची जागा, परवानग्या, नोंद आणि बॅकअप या चारही गोष्टी बरोबर आहेत असे खात्रीने म्हणता येते.